कधी बांधलं? ईलीतले चार दिवस

पहिला दिवस

केंब्रिजहून ईलीला गाडीने पंधरा-सतरा मिनिटं लागतात. लेक म्हणाली, "आई, सकाळी जाऊन संध्याकाळी परत ये. एका दिवसाचं गाव आहे ते." मी मात्र तिथे तीन रात्रींसाठी खोली घेऊन ठेवली होती. त्याला कारण अण्णा.

माझे वडील सुतार. चिपळूणच्या आसपासच्या गावांत त्यांनी चढवलेली छपरं अजून उभी आहेत. आता वय शहाऐंशी, हातात वाकस धरवत नाही, पण कुठल्याही घरात शिरले की आधी मान वर करून आढ्याकडे बघतात. मागल्या वर्षी लेकीने त्यांना ईलीच्या कॅथेड्रलमधला एक फोटो पाठवला होता. मधोमध उभं राहून वर बघत काढलेला. आठ पाकळ्यांच्या फुलासारखं काहीतरी उंचावर उमललेलं, मध्ये उजेड. अण्णांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "बाय, हे दगडी नाय. लाकूड आहे हे. तिकडे गेलीस की नीट बघून ये." यंदा मे महिन्यात लेकीकडे जाणं झालं, तेव्हा हे पहिलं काम.

केंब्रिज मागे पडलं की जमीन एकदम सपाट होते. काळी माती, पट्टी ठेवून आखल्यासारखे सरळ कालवे, नजर अडेल असा उंचवटा नाही. या भागाला फेन्स म्हणतात. सतराव्या शतकात कोर्नेलियस व्हर्म्युइडेन या डच अभियंत्याच्या देखरेखीखाली इथलं पाणी चर खणून काढलं, त्याआधी ही सगळी दलदल होती आणि ईली हे तिच्यातलं बेट. चिखल, लव्हाळी आणि ईल मासे. ईल म्हणजे आपल्या वाम माशासारखा लांब, सापासारखा. या माशांवरूनच गावाला नाव पडलं, असं आठव्या शतकातला इतिहासकार बीड लिहून गेला आहे. मग डाव्या खिडकीत ते दिसलं. गावाच्या आधी, झाडांच्याही आधी, क्षितिजावर एकटंच. इथले लोक त्याला 'फेन्समधलं जहाज' म्हणतात. पूर्वी चहूकडे खरंच पाणी होतं, तेव्हा होडीतून येणाऱ्याला ते तरंगतानाच दिसत असणार.

सामान टाकून थेट पश्चिमेच्या दारासमोर गेले. ६६ मीटर उंच मनोरा आहे. त्याच्या उजव्या हाताला एक भक्कम बाजू, कमानींच्या ओळीवर ओळी. डाव्या हाताला काहीच नाही. तिथेही अशीच बाजू होती, ती मध्ययुगात कोसळली आणि पुन्हा कुणी बांधली नाही. भिंतीवर तिचा तुटका सांधा अजून दिसतो. मला ती एकहाती इमारत पहिल्या नजरेतच आवडली. सगळं भरून काढलेलं असतं तर तिथे काय घडलं ते कळलंच नसतं.

अण्णांना फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती. त्यांचा पहिला प्रश्न, "कधी बांधलंय?"

"१०८३ साली," मी म्हणाले.

"सगळं?"

या एका शब्दाने माझे पुढचे तीन दिवस ठरले.

दुसरा दिवस

आत शिरल्यावर समोरचा लांब दालनाचा भाग, म्हणजे नेव्ह, सुमारे ७५ मीटर आहे. दोन्ही बाजूंना जाड खांब, त्यांवर अर्धगोल कमानी, त्यांवर पुन्हा कमानी, आणि त्यांच्याही वर तिसरी ओळ. कमान गोल असली की काम नॉर्मन, टोकदार झाली की त्यानंतरचं, एवढी एक खूण डोक्यात ठेवली की इंग्लंडमधलं कुठलंही जुनं चर्च वाचता येतं.

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. ईलीच्या दलदलीत हेरवर्ड नावाचा सरदार १०७१ पर्यंत त्याच्याशी झुंजत राहिला. ते बंड मोडल्यावर विल्यमने इथल्या मठावर आपल्या मर्जीतला सिमियन नावाचा मठाधिपती नेमला आणि १०८३ मध्ये त्याने हे बांधकाम काढलं. त्याचा भाऊ वॉकेलिन तेव्हा विंचेस्टरचं कॅथेड्रल बांधत होता. मठाच्या बखरीप्रमाणे सिमियनचं वय त्या वेळी ऐंशीच्या पुढे होतं. हे वाचून मी जरा वेळ बाकावर बसले. ज्याचा शेवट आपण बघणार नाही हे नक्की ठाऊक आहे, त्याचा पाया त्या वयात घालायचा. आपल्याकडचं अंबरनाथचं शिवमंदिर १०६० चं. म्हणजे तिथले आणि इथले पाथरवट जवळपास एकाच पिढीतले.

पण अण्णांच्या 'सगळं?'चं उत्तर इथेच बदलायला लागलं. चर्च नेहमी पूर्वेकडून बांधत आणत, कारण वेदी पूर्वेला आणि पूजा आधी सुरू व्हायला हवी. म्हणजे सिमियनचं काम पूर्वेला असायला हवं. तिथे गेले तर कमानी टोकदार! त्याचा पूर्वेचा भाग राहिलेलाच नाही. १२३४ ते १२५२ या काळात बिशप ह्यू ऑफ नॉर्थवोल्ड याने तो टोकाकडून पाडून, लांब करून, नव्या पद्धतीने बांधला. पर्बेकच्या काळपट चकचकीत दगडाचे सडपातळ खांब, कोरीव पानांच्या बैठकी. सिमियनच्या वेळचं खरं काम बघायचं, तर दोन्ही आडव्या बाजूंना, खालच्या मजल्यावर. तिथले खांब बसके, खडबडीत, नटवेपणा बिलकुल नाही. नेव्ह त्याच्या मृत्यूनंतर बाराव्या शतकात पुरं झालं. त्याच दरम्यान, ११०९ मध्ये, इथे बिशपची गादी आली आणि मठाचं चर्च कॅथेड्रल झालं.

दगड इथला नाही. ईलीच्या जमिनीत बांधकामाला चालेल असा भक्कम दगड कुठला? तो बार्नॅकच्या खाणीतून नद्यांमधून होड्यांवर आणला. खाण पीटरबरोच्या मठाची होती आणि तिच्या मोबदल्यात ईलीचे मठवासी दरवर्षी ८,००० ईल मासे पाठवत, असं इथे सांगतात. त्या खांबांवर हात ठेवला तेव्हा मला ते मासेच आठवत राहिले. दलदलीने दिलं ते देऊन डोंगराकडून दगड घेतला.

दक्षिणेच्या बाजूला एक तुटका चौकोनी दगड ठेवलाय, त्याच्याकडे बहुतेक जण बघतही नाहीत. सातव्या शतकातल्या क्रूसाची ती बैठक. वर लॅटिनमध्ये कोरलंय: देवा, ओविनला तुझा प्रकाश आणि विश्रांती दे. जवळच्या हॅडनम गावात हा दगड घोड्यावर चढायची पायरी म्हणून वापरात होता. अठराव्या शतकात कुणीतरी अक्षरं ओळखली आणि इथे आणला. ओविन हा एथेलड्रेडाचा कारभारी होता. आणि एथेलड्रेडा म्हणजे या जागेची मूळ मालकीण. पूर्व अँग्लियाच्या अ‍ॅना राजाची ती मुलगी, राणीपद सोडून आलेली. ६७३ मध्ये तिने या बेटावर स्त्रिया आणि पुरुष दोघांसाठी मठ काढला आणि स्वतः त्याची प्रमुख झाली. ६७९ मध्ये मानेवरच्या गाठीने ती गेली. सोळा वर्षांनी तिच्या बहिणीने देह बाहेर काढला, तो जसाच्या तसा होता असं बीड सांगतो. तिची समाधी बघायला शेकडो वर्षं यात्रेकरू येत राहिले. लोकांच्या तोंडी तिचं नाव ऑड्री झालं. सेंट ऑड्रीच्या जत्रेत गळ्यात बांधायच्या रेशमी फिती विकायच्या, त्या हळूहळू हलक्या होत गेल्या आणि 'टॉड्री' हा भपकेबाज-स्वस्त वस्तूंसाठीचा इंग्रजी शब्द त्या फितींवरून आला. एवढ्या तेजस्वी बाईच्या नावाचं असं व्हावं, याचं मला वाईट वाटलं. तिच्या मठाचीही धूळधाण झाली. ८७० मध्ये डेनिश हल्लेखोरांनी तो जाळला, ९७० मध्ये बेनेडिक्टिन पंथाचा म्हणून तो पुन्हा उभा राहिला. समाधी गेली ती हेन्री आठव्याच्या काळात. १५३९ मध्ये मठच बंद झाला. आज तिथे जमिनीत एक काळी पाटी आहे आणि मी गेले तेव्हा बाजूला मेणबत्ती जळत होती.

नेव्हचं छत रंगवलेलं आहे, ते मात्र अगदी अलीकडचं. हेन्री स्टायलमन ल स्ट्रेंज नावाच्या हौशी चित्रकाराने १८५८ मध्ये सुरुवात केली, अर्ध्यावर त्याचा मृत्यू झाला, मग त्याचा मित्र थॉमस गॅम्बियर पॅरी याने ते १८६५ पर्यंत पुरं केलं. कुठे एकाचा हात थांबला आणि दुसऱ्याचा लागला ते मी बराच वेळ शोधलं. मान दुखायला लागली.

साडेपाचला सायंप्रार्थना होती. मी मागे बसले. मुलांचे आवाज त्या दगडांतून फिरून परत येत होते.

तिसरा दिवस

आज अष्टकोन.

नेव्हमधून चालत मध्यावर आलं की एकदम भिंती मागे सरकतात आणि डोक्यावर आभाळ उघडल्यासारखं होतं. चर्चमध्ये जिथे उभी आणि आडवी बाजू छेदतात तिथे एरवी चार खांब असतात आणि त्यांवर चौकोनी मनोरा. इथेही होता. त्याचं काय झालं ते मठाच्या बखरीत लिहिलेलं आहे.

१३२१ च्या मार्चमध्ये उत्तरेला लागूनच लेडी चॅपलचा, म्हणजे मरियमच्या प्रार्थनागृहाचा, पाया घातला. पुढल्याच वर्षी, १३२२ च्या फेब्रुवारीत, बारा-तेराच्या रात्री, मठवासी रात्रीची प्रार्थना आटोपून झोपायच्या दालनाकडे निघाले होते आणि मधला मनोरा कोसळला. आवाज इतका मोठा, की भूकंप झाला असं वाटलं. कुणाला इजा झाली नाही. पण मनोऱ्याने पूर्वेकडचे तीन गाळे, म्हणजे सिमियनच्या पूर्वेच्या कामातलं जे उरलं होतं तेही, चिरडून टाकलं. शेजारी पायासाठी खणलं म्हणून जुने खांब खचले असावेत, असा तर्क करतात.

मठाच्या इमारतीची जबाबदारी अ‍ॅलन ऑफ वॉल्सिंगहॅम या मठवाशावर होती, ते पद सॅक्रिस्टचं. तो त्या रात्री उठून ढिगाऱ्याशी येऊन उभा राहिला आणि कुठे वळावं तेच त्याला कळेना, असं बखरकार लिहितो. आदल्याच वर्षी त्याला हे पद मिळालं होतं. मग त्याने आधी दगड-लाकूड उपसलं. खचलेले चारही खांब पुन्हा बांधायचा विचार सोडून दिला. त्यांच्याबाहेर आठ जागा आखल्या, टणक जमीन लागेपर्यंत खणलं, खड्डे दगड आणि वाळूने ठोकून भरले आणि आठ खांब उभे केले. १३२८ पर्यंत दगडी काम वर आलं. आणि तिथे अडलं, कारण आता मधली मोकळी जागा सुमारे २२ मीटर रुंद होती. एवढ्या जागेवर दगडी छत घालायची त्या काळी इंग्लंडमध्ये कुणाची छाती नव्हती.

तिथे सुतार आला. विल्यम हर्ली, राजाचा सुतार, वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यातल्या सेंट स्टीफन चॅपलवर काम करणारा.

वर जायच्या फेरीला आम्ही दहा जण होतो. नेणाऱ्या बाई सत्तरीच्या, स्वयंसेवक, पाठ ताठ. गोल जिना इतका अरुंद, की दोन्ही खांदे घासतात. छपराच्या वरून थोडं उघड्यावर चालायचं आणि मग एका बुटक्या दारातून आत. आत अंधार, थंड धुळीचा वास, आणि ओंडके.

खालून जे दगडी फासळ्यांसारखं दिसतं, ते सगळं लाकडी फळ्यांचं आवरण आहे. त्याच्यामागे खरं काम लपलेलं. आठही खांबांवरून प्रचंड तिरपे ओंडके वर आत झुकतात आणि मधल्या लाकडी मनोऱ्याला, ज्याला इथे कंदील म्हणतात त्याला, हवेत धरतात. कंदिलाखाली आधार कुठलाच नाही. कंदिलाचे आठ कोपरे म्हणजे आठ ओक वृक्ष. प्रत्येक ६३ फूट लांब, बुंध्याशी तीन फुटांहून जाड. इतकी उंच, सरळ झाडं मिळेनात म्हणून दूरवर शोध घेतला, बेडफर्डशरमधल्या चिकसँड्सपर्यंत. ती आणायला वाटेतले रस्ते आणि पूल भक्कम करावे लागले, असं बाईंनी सांगितलं.

"हात लावू?" मी विचारलं. "लावा ना," त्या म्हणाल्या.

लाकूड करडं झालंय, दगडासारखं कठीण, पण गार नाही. तेवढ्यावरून हाताला कळतं. टॉर्च आडवा धरला तेव्हा पृष्ठभागावर घाव दिसले. उथळ, वाटीसारखे, एकाला लागून एक, तिरक्या रांगेत. कुऱ्हाडीने आणि वाकसाने तासल्याच्या खुणा. मधेच एक घाव चुकून खोल गेला होता. अण्णांच्या अंगणात मी लहानपणी अशा रांगा बोटाने मोजत असे. तासणारा उजवा की डावखुरा ते त्यांवरून कळतं. हा उजवा होता. पुढे दोन ओंडके एकमेकांत खाच करून बसवले होते आणि आरपार जाड लाकडी मेख ठोकलेली. मी सांध्याचे फोटो काढले, सगळ्या बाजूंनी, बाई वाट बघत थांबल्या.

मग त्यांनी भिंतीतली एक फळी उघडली. ती फळी म्हणजे खालून दिसणाऱ्या रंगवलेल्या देवदूतांपैकी एक. देवदूत दारासारखा आत आला आणि खाली, फार खाली, वेदी आणि मुंगीएवढी माणसं दिसली. पोटात गोळा आला, तरी बघतच राहिले. वर अगदी मधोमध लाकडात कोरलेला ख्रिस्त आहे, ढगांतून खाली बघणारा. तो जॉन ऑफ बरवेलने कोरला. त्याला मजुरी दोन शिलिंग आणि मठप्रमुखाच्या पंगतीला जेवण मिळालं. हिशेबाच्या कागदात ते लिहिलेलं राहिलं म्हणून पावणेसातशे वर्षांनी मला त्याचं नाव माहीत आहे.

कंदिलाला चौदा वर्षं लागली, १३२८ ते १३४२. तोही आज जसाच्या तसा नाही. अठराव्या शतकात जेम्स एसेक्सने तो कुजता-कुजता वाचवला, पण बाहेरचं रूप बरंच साधं केलं. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने जुनी चित्रं बघून बाहेरची बाजू पुन्हा घडवली. देवदूतही त्या काळचेच. आतले मोठे ओंडके मात्र हर्लीचे.

खाली उतरून अण्णांना फोटो पाठवले. तिकडे रात्र झाली होती.

चौथा दिवस

परतीची गाडी दुपारची. सकाळी लेडी चॅपल.

मनोरा पडल्यावर याचं काम मागे पडलं आणि पुरं झालं ते १३४९ मध्ये, प्लेगच्या वर्षी. जॉन ऑफ विस्बेक हा मठवासी पहिल्या दिवसापासून या बांधकामावर होता. अठ्ठावीस वर्षं. त्याच वर्षी प्लेगने तो गेला.

आत इतका उजेड आहे, की डोळे दिपतात. रंगीत काचा फोडलेल्या, आता साध्या काचा. भिंतींभर कोरीव कोनाडे, लाटांसारख्या पुढे झुकलेल्या कमानी, आणि प्रत्येक कमानीत मरियमच्या कथांमधली छोटी छोटी माणसं. सोळाव्या शतकात मूर्तिभंजक आले. त्यांनी शिडी लावून, एक एक करून, जवळजवळ सगळ्यांची डोकी उडवली. रागाच्या भरातलं हे काम नव्हे. इतक्या नेटाने करायला कित्येक दिवस लागले असतील. एका कोपऱ्यात, डोकं नसलेल्या बाईच्या पदराच्या चुणीत, लाल रंगाचा नखाएवढा ठिपका शिल्लक आहे. पूर्वी हे सगळं रंगीत होतं. त्या ठिपक्यापुढे मी जास्तीत जास्त वेळ उभी होते. मूर्ती कोरणाऱ्यांची मेहनत आठवून घसा दाटून आला.

बाहेर पडून उतारावरून नदीकडे गेले. ग्रेट ऊझचं पाणी संथ होतं, काठाला लांबट होड्या बांधलेल्या. बार्नॅकचे दगड याच पाण्यावरून आले.

स्टेशनवर अण्णांचा फोन आला. रात्री मुलाला बसवून त्यांनी सगळे फोटो मोठे करून बघितले होते.

"बाय, लाकूड ओलं असताना चढवलंय त्यांनी. सुकताना सांधा आवळलाय. मेखेजवळ बघ, वाकलीय ती जरा. असंच करायचं असतं."

मग मी त्यांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. बाईने जागा धरली ती ६७३, खालचे खांब १०८३ नंतरचे, पूर्वेचा भाग १२५२ पर्यंतचा, मधलं लाकूड १३४२ पर्यंतचं, रंगवलेलं छत १८६५ चं. एक अख्खी बाजू पडलेली, ती तशीच. ते मधे काही बोलले नाहीत.

"आणि लाकूडकाम केलं त्याचं नाव?" त्यांनी विचारलं.

"विल्यम हर्ली."

"थांब, वही घेतो," अण्णा म्हणाले. "सावकाश सांग."